एक इंजिन, 180 मतं

विमानकंपनी चांगली की भिकार, हे मी आजवर गुडघ्यांवरून ठरवत आलो आहे. पुढचा माणूस सीट मागे रेलून आरामात पसरला की माझे गुडघे कुठे जातात, त्यावर कंपनीची इयत्ता ठरते. घरात हे मत कुणालाच मान्य नाही. बायको स्वच्छतागृहातल्या नळावरून ठरवते. मेव्हण्याच्या मते, 7 किलोची म्हणून सांगितलेली 9 किलोची बॅग जी कंपनी मुकाट्याने वर जाऊ देते, ती थोर. यावर आमचे कडाक्याचे वाद झाले आहेत. इंजिनाचा विषय मात्र त्यात कधी निघाला नव्हता.

तो एकदा इंजिनानेच काढला.

विमान वर जाऊन सरळ झालं होतं. खाण्याची गाडी पहिल्या काही रांगांपर्यंत पोचली होती. एवढ्यात उजवीकडून धप्प असा आवाज झाला, पायाखाली थरथरलं आणि एरवी ज्या घरघरीकडे आपलं लक्षही नसतं, ती निम्मी झाली. खाण्याची गाडी आल्या पावली मागे गेली. इंजिन गेल्याचं काहींच्या लक्षात आलं. गाडी गेल्याचं सगळ्यांच्या. मग कॅप्टन बोलला. एका इंजिनाचं लक्षण ठीक दिसेना म्हणून ते बंद केलंय, आपण परत फिरतोय, काळजी नसावी. बाहेरचं तापमान सांगताना असतो तोच सूर.

आता, मला प्रवासाच्या आदल्या रात्री विमानांच्या दुर्घटनांबद्दल वाचत बसायची खोड आहे. त्यामुळे अशा प्रसंगासाठी माझ्याइतका तयारीचा माणूस त्या विमानात नव्हता, वैमानिक धरून. शेजारच्या मावशींनी खुर्चीचा हात गच्च धरला होता. मध्ये माझा हात होता.

“अहो, आता काय हो होणार?”

“काही नाही मावशी. दोन इंजिनांचं विमान एकावर व्यवस्थित उडतं. अगदी धावपट्टीवर धावताना एक गेलं, तरी ठरावीक वेग गाठल्यावर वैमानिक थांबत नाहीत, एकावरच वर जातात. ते जमल्याशिवाय विमानाला परवानाच मिळत नाही. समुद्रावरून जाताना तर जवळचा विमानतळ एका इंजिनावर तीन तास लांब असला तरी चालतो. आणि वैमानिकांकडून हे सगळं सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा घोटून घेतात.”

मावशींची पकड जरा सैल झाली. एवढ्यावर भागलं असतं, पण विषय माझ्या आवडीचा होता.

“आणि समजा दुसरंही गेलं...”

“दुसरं?”

“तरी विमान दगडासारखं पडत नाही हो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून शंभरेक किलोमीटर सहज तरंगत जातं. 2001 साली अटलांटिकवर एका एअरबसचं सगळं इंधन गळून गेलं. दोन्ही इंजिनं बंद, खाली नुसता समुद्र. 19 मिनिटं तशीच घसरत घसरत ती अझोर्स बेटांवर उतरली. 306 माणसं होती, सगळी वाचली.”

मावशींनी डोळे मिटले. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी कानातले हेडफोन काढले. श्रोते वाढताहेत म्हटल्यावर मी 1983 सालच्या कॅनडातल्या बोइंगवर आलो. तिकडे नुकतीच मेट्रिक पद्धत येत होती. इंधन भरायचं होतं किलोत, हिशेब झाला पौंडात, आणि 41 हजार फुटांवर टाकी कोरडी. कॅप्टनला ग्लायडर उडवायची हौस होती म्हणून निभावलं. त्याने ते धूड गिमली नावाच्या गावातल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. त्या धावपट्टीवर तेव्हा मोटारींच्या शर्यतींचा मेळा भरला होता! तरी एकही माणूस मेला नाही.

“मरायचा विषय काढायलाच हवा का?” पुढचे गृहस्थ म्हणाले.

“मरायचा कुठे? वाचायचा काढतोय,” असं म्हणून मी माझा हुकमी एक्का टाकला. जून 1982. जावा बेटावरच्या गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत एक जम्बो विमान शिरलं. कॅप्टन एरिक मूडींनी प्रवाशांना काय सांगावं? की एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं बंद पडली आहेत, ती सुरू करायची आम्ही शिकस्त करतोय, आपल्याला फारसा त्रास होत नसेल अशी आशा आहे. पुढे इंजिनं सुरू झाली, विमान जकार्ताला सुखरूप उतरलं. पण काय तो सभ्यपणा! कौतुकाच्या भरात माझा आवाज चढला असावा. कारण मागच्या रांगांना त्यातलं “चारही इंजिनं बंद पडली आहेत” एवढंच ऐकू गेलं आणि तिकडे रडारड सुरू झाली. आपल्या विमानाला इंजिनं दोनच, हा विचार कुणाच्याही मनात आला नाही. हवाईसुंदरीने लगबगीने येऊन मला पाणी दिलं. मी मागितलं नव्हतं.

उतरलो मात्र अलगद. दोन्ही बाजूंनी अग्निशमनाच्या गाड्या आमच्या बरोबरीने धावत होत्या. टाळ्या झाल्या, अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. त्या क्षणी कॅप्टनविरुद्ध कुणी अवाक्षर काढलं असतं, तर लोकांनी त्याला तिथेच फटकावला असता. ही कृतज्ञता फोनला नेटवर्क येईपर्यंत टिकली.

“बस यायला इतका वेळ?”, “यांचा एसी कधीच चालू नसतो”, “या विमानतळावर पुन्हा पाऊल ठेवणार नाही”. काउंटर एक, त्यामागे मुलगी एक आणि समोर आम्ही 180. इंजिनाबद्दल तक्रार करणारा त्यात एकही नाही. माझ्या पुढच्यांनी सँडविचचे पैसे आधीच भरले होते. “इंजिनाचं मी समजू शकतो हो, मशीन आहे शेवटी. पण सँडविच?” मागचा तरुण म्हणाला, यापुढे दुसऱ्या कंपनीनेच जाणार. मी त्याला समजावलं की विमानकंपन्या काही इंजिनं बनवत नाहीत. मोठ्या विमानांची इंजिनं बनवणारे जगात बोटांवर मोजण्याइतके, त्या दुसऱ्या कंपनीच्या पंखाखालीही बहुधा याचंच भावंड असेल. त्याने आमच्या दोघांमध्ये आणखी चार माणसांना जागा करून दिली.

पण लोकांचं चुकतं असं मला वाटत नाही. इंजिनातलं आपल्याला काय कळतं? सँडविचमधलं कळतं. विमानतळवाल्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. ह्यूस्टनची गोष्ट सांगतात ना, सामान उशिरा मिळतं म्हणून तिथे फार ओरड होती. माणसं वाढवून वेळ कमी केला, तरी ओरड चालूच. मग त्यांनी विमानं लांबच्या गेटवर लावायला सुरुवात केली. पट्ट्यापाशी उभं राहण्याचा वेळ चालण्यात जाऊ लागला आणि तक्रारी जवळजवळ संपल्या! हे ज्याला सुचलं तो मनुष्य विमानतळावर वाया गेला, त्याने देश चालवायला हवा होता.

आमच्याकडे चालायलाही जागा नव्हती. 2010 साली एका ए380 विमानाचं इंजिन हवेत फुटलं, विमान सिंगापूरला परतलं, तर दुसरंच एक इंजिन काही केल्या बंद होईना; अग्निशमन दलाने फवारे मारून ते सुमारे तीन तासांनी गप्प केलं. पण ते लोक सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरले होते, तिथे फुलपाखरांची बाग आहे. आम्हाला बघायला एक बंद पडलेला सरकता जिना होता. 2009 साली न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरलेल्या विमानातल्या लोकांना तर त्यांचं भिजलेलं बरंचसं सामान सुकवून, साफ करून परत मिळालं. आमचं सामान कोरडं होतं, कुठे होतं ते कुणाला माहीत नव्हतं.

मध्येच फोनवर कंपनीची प्रश्नावली आली. आसन कसं होतं, खाणं कसं होतं, कर्मचारी हसतमुख होते का. वैमानिकासाठी रकाना नव्हता. मी ‘इतर’मध्ये त्याचं मनापासून कौतुक लिहिलं, तर अक्षरमर्यादा ओलांडली म्हणून ते गेलंच नाही.

रात्री उशिरा दुसरं विमान आलं. नवे बोर्डिंग पास घ्यायला माझ्या पुढे मावशी होत्या.

“खिडकी देऊ की कडेची, आजी?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

“कुठलीही दे बाळा,” माझ्याकडे बोट दाखवत मावशी म्हणाल्या, “फक्त हे जिथे बसतील तिथली नको.”

हे ऐकून हेडफोनवाले गृहस्थ रांग मोडून पुढे आले आणि त्यांनी आपलाही पास बदलायला दिला.