वहीगायकांनी हे वाचाच

गायकांनी वेदनाशामक गोळ्या जपून घ्याव्यात, हे लेखातलं म्हणणं आमच्या खान्देशातल्या वहीगायकांपर्यंत, म्हणजे डफावर ‘वही’ ही लोकगीतं गाणाऱ्यांपर्यंत, पोचायलाच हवं. कानबाई देवीच्या जागरणाला रात्रभर वरच्या पट्टीत गायचं, घसा ठणकला की मेडिकलवरून मिळेल ती गोळी घ्यायची आणि पुन्हा डफासमोर उभं राहायचं, हे धुळ्याकडे दरवर्षी बघतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनमुळे रक्त गोठायला वेळ लागतो. ताणलेल्या स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटली तर रक्त तिथेच साचतं. ॲस्पिरिनचा परिणाम तर ७ ते १० दिवस राहतो! पॅरासिटामॉलमध्ये हा धोका फारसा नाही, पण यकृतासाठी मर्यादा पाळाच. गाता गाता आवाज एकदम गेला तर तिथेच थांबा, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र ती मनानं बंद करू नका.