सातबारा नसलेलं घर

परवा मालवणच्या भर बाजारात, चारचौघांसमोर, मला एका बाईची लघवी पुसायला लावली. बाई खरी नव्हती, लघवीही खरी नव्हती. पण माणसं खरी होती, आणि त्यातली काही माझ्या सासूबाईंना चांगली ओळखणारी होती.

गेले होते एक सीडी दाखवायला. 'द सिम्स' नावाचा कॉम्प्युटरवरचा जुना खेळ आहे, २००० सालच्या फेब्रुवारीत आलेला. त्यात मारामारी नाही, शर्यत नाही, जिंकणं-हरणं नाही. एक कुटुंब घ्यायचं, त्याला घर बांधून द्यायचं, जेवायला घालायचं, झोपवायचं, कामावर धाडायचं. म्हणजे दिवसभर जे मी करतेच, तेच रात्री करमणूक म्हणून करायचं. घरात नवा कॉम्प्युटर आला आणि सीडी नुसतीच गरगरायला लागली. त्या काळच्या बऱ्याच सीड्यांवर नक्कल होऊ नये म्हणून सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. २०१५ साली आलेलं विंडोज १० त्या कुलपाला उंबऱ्याच्या आत घेत नाही, कारण त्याच्या आडून व्हायरसही शिरू शकतो. कारण सुरक्षेचं, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

दुकान आपलं नेहमीचं. झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड, रेल्वे तिकीट, ऑनलाइन सातबारा. चतुर्थी तोंडावर आलेली, म्हणून गर्दी. पोरग्याने सीडी उलटसुलट केली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मॅडम, गेम खेळायला पायजे ना? तुमची सीडी बरी आहे, तुमचा कॉम्प्युटर नवीन आहे. थांबा, ह्या जुन्या मशीनवर लावून दाखवतो." कोपऱ्यात जुन्या विंडोज एक्सपीवर चालणारं एक यंत्र जुन्या स्कॅनरसाठी जिवंत ठेवलेलं होतं. स्पीकर कोणी का लावून ठेवले होते देव जाणे. पुढच्या क्षणी दुकानभर त्या खेळातली माणसं बोलायला लागली. त्यांची भाषा बनवलेली आहे, जगात कुणालाच कळत नाही. "तेलगू असात," असं रांगेतून कोणीतरी म्हणालं.

आणि तेव्हा काका वळले.

काकांच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दुसरी पिशवी, आणि त्या पिशवीत कागद. सातबारा काढायला आले होते, सर्व्हर डाउन होता, म्हणजे त्यांच्याकडे वेळच वेळ होता. कोकणात मोकळा वेळ असलेला म्हातारा माणूस आणि दुसऱ्याचा उघडा पडदा एकत्र आले की पुढचं सांगायला नको.

"ह्यां काय गो बाये?"

"खेळ आहे काका."

"खेळ? मगे खेळणारो खंय असा?"

खेळणारी मीच, हे सांगताना माझा आवाज जरा खाली गेला. काकांनी मला आपादमस्तक पाहिलं. केसांपाशी थोडे जास्त थांबले. हल्ली मी मेंदी लावत नाही.

पडद्यावर गॉथ कुटुंब आलं होतं. खेळाबरोबरच येतं ते. नवरा मॉर्टिमर, बायको बेला, मुलगी कॅसांड्रा. घर मोठं, आणि घराला लागून थडगी. काकांना प्रथम ती थडगी दिसली.

"परड्यात स्मशान घातल्यानी? एवढी बरी जागा! माड लावले असते." मग जरा वेळाने, "घर कोणी बांदल्यान?"

हे घर तयारच मिळतं, पण आपल्यालाही बांधता येतं, असं मी सांगितलं. ही माझ्या तोंडची शेवटची शांत वाक्यं. पोरगा उत्साहात आला. "बघा काका," म्हणत त्याने बांधकामाचा भाग उघडला, माउस ओढला, एक भिंत उभी राहिली. खेळातला वेळ तेवढ्यापुरता थांबतो, त्यामुळे घर बांधायला एक मिनिटही लागत नाही. गवंडी नाही, चिरे नाहीत, वाळूचा डंपर नाही. एक सोफा घेतला आणि ठेवला कुठेतरी. काका दोन पावलं पुढे आले.

"परवानगी कोणी दिल्यान?"

"लागत नाही काका."

"लागणा नाय? दर्यापासून किती लांब असा ह्यां? भरतीची रेघ खंय दाखव."

पोरगा हसला. काका हसले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही हसले नाही. ज्याच्या घरामागे समुद्र आहे त्याला हा प्रश्न पडणारच. काकांना पडवीचं छप्पर दुरुस्त करायचं होतं. जागा किनाऱ्यालगत, म्हणून सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, आडवे आलेले. सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं, त्यातली अर्धी माणसं वारलेली, उरलेली मुंबईला, एक बडोद्याला, आणि बडोद्याचा फोन उचलत नाही. हे सगळं त्यांनी आम्हाला सविस्तर सांगितलं, कागद काढून दाखवलं. रांगेतल्या दोघांनी आपापली उदाहरणं जोडली. मला वाटलं, सुटले.

इथे मला राहवत नाही म्हणून सांगते. हा खेळ विल राइट नावाच्या माणसाने केला. १९९१ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला मोठा वणवा लागला, त्यात त्याचं घर जळालं. संसार पुन्हा उभा करताना, माणसाला नेमकं काय-काय लागतं याचा विचार त्याच्या डोक्यात घोळला, आणि त्यातून हा खेळ. आणि त्याच १९९१ च्या फेब्रुवारीत दिल्लीहून किनारपट्टीची पहिली अधिसूचना निघाली, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत काय बांधायचं आणि काय नाही हे सांगणारी. म्हणजे तिकडे एकाचं घर गेलं तर त्याने जगाला घरं वाटली, आणि इकडे ज्यांची घरं शाबूत होती त्यांना पडवीचे वासे बदलायला कागद जमवावे लागले. किनारा वाचायला हवा हे मलाही कळतं. पण समोर सिंधुदुर्ग दिसत असतो ना, १६६४ ला पायाभरणी झालेला, चक्क समुद्रात. महाराजांना भरतीची रेघ दाखवायला कोणी सांगितलं असतं तर, असा विचार जेट्टीवर उभं राहिल्यावर प्रत्येक मालवणकराच्या मनात एकदा येऊन जातो.

असो. काका पुन्हा पडद्याकडे वळले.

"आणि पैसे खंयसून इले?"

नव्या कुटुंबाला सुरुवातीला २०,००० मिळतात, सिमोलिऑन म्हणतात त्या पैशाला. पुढे नोकरी करायची. आणि अगदीच अडलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि सी ही बटणं एकदम दाबायची, वर एक चौकट उघडते, तिच्यात 'रोझबड' लिहायचं, की हजार जमा. अर्धविराम आणि उद्गारचिन्ह देत गेलं तर हजार, हजार, हजार.

हे मी सांगायला नको होतं असं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. पण काकांनी खिशातून पेन काढलं आणि सातबाऱ्याच्या जुन्या झेरॉक्सच्या मागे लिहून घेतलं. "रोज... बड." मग पोरग्याला विचारलं, "ह्यां सरकारी सायटीवर चलता?"

मध्येच प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून पोरगा तिकडे गेला, आणि गेम चालू राहिला. खरी एक मिनिट गेली की खेळात एक तास जातो. त्यातल्या माणसांना आठ गरजा असतात: भूक, आराम, स्वच्छता, झोप, करमणूक, माणसांची सोबत, नीटनेटकी खोली, आणि लघवी. प्रत्येकीची पट्टी हिरव्याची लाल होत जाते. लाल होत आलेली बेला न्हाणीघराकडे निघाली. न्हाणीघराच्या दारासमोर पोरग्याने ठेवलेला सोफा होता. वाट अडली की ही माणसं जागच्या जागी उभी राहून हात हलवतात आणि कॅमेऱ्याकडे बघून ओरडतात. लाल झग्यातली बेला ओरडायला लागली.

"तिका जावक वाट देवा रे!" काका म्हणाले.

"कोणाक?"

"त्या तांबड्या बायक! तिका जावचां असा, बघ ना, कशी पाय आवळून उभी असा!"

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात हा खेळ पाहिला नव्हता त्याने पाच मिनिटांत ते ओळखलं. मी माउसकडे धावले, सोफा हलवणार, तेवढ्यात उशीर झाला. बेला दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी, पायाशी निळं डबकं. दुकानात क्षणभर शांतता, मग असा काही हशा की समोरच्या काजूवाल्याने बाहेर डोकं काढलं.

"तुज्या बायन काय केल्यान बघ!" काका म्हणाले.

तुज्या बायन. माझी कधी झाली ती? पण जमावाचा निर्णय झाला होता. "पूस आता," मागून एक बाई म्हणाली, आणि हे तिने मला ज्या सुरात सांगितलं तो सूर मी ओळखते, लग्नानंतरची पहिली दोन वर्षं ऐकलेला आहे. डबक्यावर क्लिक केलं, पुसायचा पर्याय आला, पुसलं. मॉर्टिमर त्या वेळी आरामखुर्चीत पेपर वाचत होता. त्याला कोणी काही म्हणालं नाही.

मग प्रश्नांचा पाऊस. तो म्हातारा कधी मरणार? नाही मरत, ह्या पहिल्या भागात मोठ्यांचं वय वाढतच नाही. पोरगी मोठी कधी होणार? ती तेवढीच राहते. शाळेत मार्क फारच वाईट पडले तर तिला लष्करी शाळेत धाडतात, आणि मग ती परत येत नाही. मग मरतो तरी कसा माणूस? उपास घडले तर, आग लागली तर, आणि पोहण्याच्या तलावाची शिडी काढून टाकली तर. शिडीशिवाय त्यांना बाहेर येता येत नाही, पोहून पोहून मरतात. इथे रांगेतला एक मच्छीमार मनापासून अस्वस्थ झाला. "काठार हात ठेवन वर येवक येणा नाय? कसले माणूस हे?" आयतवार असतो का? नसतो, रोज कामावर. सलग दोन दिवस गाडी चुकली की नोकरी जाते.

"आणि बढती?" काकांनी विचारलं.

बढतीला नुसतं काम पुरत नाही, घराच्या ओळखीची माणसं जितकी जास्त तितकं वर जाता येतं, असं मी म्हणताच काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे वशिलो! मगे ह्यो खेळ खरो असा."

खरा आहेच, पण काकांना वाटलं त्या कारणाने नाही. मैत्री मोजली जाते ती सगळ्या घराची मिळून. बायको दिवसभर फोन करते, शेजाऱ्यांना बोलावते, चहा-फराळ करते, त्यांच्या विनोदांना हसते, आणि बढती होते नवऱ्याची. चार दिवस फोन केला नाही की मैत्री आटते. चतुर्थीला कोणाला मोदक गेले, कोणाकडे आरतीला जायचं राहिलं, कोणाच्या मुलीच्या साखरपुड्याला पाकीट द्यायला हवं, हे सगळं माझ्याही घरात माझ्याच डोक्यात असतं, आणि 'साहेबांचा जनसंपर्क दांडगा' असं लोक साहेबांना म्हणतात. निदान खेळात तरी पडद्यावर आकडा दिसतो.

आणि आता बोलतेच आहे तर. देवळाच्या पायरीवर बापये रोज संध्याकाळी पत्ते कुटतात, फोनवर तीनपत्ती चालते, त्यांना कोणी थांबवून विचारत नाही की ह्यात मिळतं काय, वय काय तुमचं. मी रात्री सगळं आवरून, उद्याचे काळे वाटाणे भिजत घालून, कॉम्प्युटरसमोर बसले तर ते गावाला समजावून सांगावं लागतं. वर पुसावं लागतं.

अखेर पोरगा प्रिंटर सोडवून आला आणि सीडी माझ्या हातात देत म्हणाला, "मॅडम, ही सोडून द्या. २०२५ च्या जानेवारीत कंपनीने पंचवीस वर्षं झाली म्हणून पहिला-दुसरा भाग नव्या विंडोजसाठी परत काढलाय. ऑनलाइन विकत मिळतो." हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. चेकिंगचे पन्नास रुपये त्याने तरीही घेतले, आणि सुटे नाहीत म्हणून वरच्या दहाचं चॉकलेट दिलं. काकांचा सर्व्हर तोवर आला नव्हताच. त्यांना 'उद्या या' सांगितलं.

रात्री आचऱ्याहून मामींचा फोन. मालवणहून आचऱ्याला एसटीपेक्षा गजाल लवकर पोचते.

"गेम खेळतंस म्हणे?"

"होय मामी."

"तेच्यात आपल्या वळखीचां माणूस घालूक गावता?"

म्हटलं, येतं. नाव, तोंडवळा, केस, कपडे, स्वभावसुद्धा ठरवता येतो. नीटनेटकं, आळशी, खेळकर, जसं हवं तसं.

मामी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माज्या धाकट्या जावेक घाल. आणि तां तळयाच्या शिडीचां काय म्हणतत, तां माका सावकाश सांग, मी लिवन घेतंय."