कपडे गोळा करायच्या आधी मुलांची मापं मागवा

बालगृहातल्या मुलांसाठी वस्तू गोळा करायचं ठरलं आणि ग्रुपवर नेहमीचा मेसेज फिरायला लागला. 'घरातले जुने कपडे, खेळणी, पुस्तकं आणून द्या, मुलांच्या चेहऱ्यावर हसू फुलवूया.' पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, त्याबद्दल शंकाच नाही. तरीही या वेळी असं करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अशा मेसेजनंतर जी खोकी जमतात ती मी निवडलेली आहेत. चेन तुटलेली दप्तरं, निम्मी रंगवून झालेली चित्रांची पुस्तकं, तुकडे हरवलेली कोडी. एकदा त्यात एक फ्रॉक निघाला. कापड छान, रंग छान, फक्त काखेत उसवलेला. आणि गळ्याच्या आतल्या बाजूला बारीक टाके घालून एका मुलीचं नाव शिवलेलं. कुठल्या तरी आईने हौसेने शिवलं असणार ते. मी टाके काढले, पण अक्षरांच्या खुणा कापडावर राहिल्याच. ज्या मुलीच्या वाट्याला तो फ्रॉक जाणार होता, ती आधीच दुसऱ्यांच्या खुणा असलेल्या वस्तूंमध्ये राहत होती.

संस्थेत मुलांची पोटं भरतात, शाळा होते, आजारपणात औषध मिळतं. पण बऱ्याच ठिकाणी चादर, टॉवेल, खेळणी सगळं सामायिक असतं. धुऊन आलेल्या ढिगातून मापाचा सापडेल तो शर्ट अंगात घालायचा. काही चांगल्या संस्था प्रत्येक मुलाला छोटं का होईना, कुलूप लागणारं कपाट देतात. ते कपाट मुलं किती जपतात हे एकदा बघा. आपण दिलेली वस्तू त्या कपाटात जायच्या लायकीची हवी, एवढंच माझं म्हणणं आहे. नवी, त्याच्या मापाची, त्याने स्वतः सांगितलेल्या रंगाची. आणि संस्था सोडताना सोबत नेता येईल अशी.

मुलांना नक्की काय हवं असतं हे तिथल्या ताईंना विचारलं की यादी फार वेगळी निघते. चड्डी-बनियन, मोठ्या मुलींसाठी ब्रा आणि सॅनिटरी पॅड, पायात नीट बसणाऱ्या चपला, नंबर बदललेला चष्मा. मिसरूड फुटलेल्या मुलासाठी रेझर. हे सहसा कुणी देत नाही. खेळणी ढिगाने येतात आणि ती धाकट्यांची होतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला त्या सगळ्या गर्दीतून काहीच मिळत नाही, तो आपला खुर्च्या उचलून ठेवतो.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ साली मुलांच्या पर्यायी संगोपनाविषयी, म्हणजे आईवडिलांपासून दूर वाढणाऱ्या मुलांच्या सांभाळाविषयी, मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यात एक फार सुंदर गोष्ट आहे. शक्य असेल तिथे प्रत्येक मुलासाठी त्याच्या आयुष्याची वही ठेवावी, त्यात त्याचे फोटो, आठवणीच्या वस्तू, प्रत्येक टप्प्याची माहिती असावी, ती त्याच्या सहभागाने तयार व्हावी आणि त्याला आयुष्यभर बघायला मिळावी. आपल्या घरात अल्बम असतात, आजी लहानपणीच्या गोष्टी सांगते. या मुलांच्या बाबतीत हे कुणीतरी ठरवून जपावं लागतं. एक जाड वही, डिंक, प्रिंट काढायचे पैसे... याहून चांगली देणगी मला सुचत नाही.

त्याच तत्त्वांमध्ये असंही आहे की हे मूल संस्थेत राहतं ही ओळख बाहेर होता होईल तेवढी उघड होऊ नये. म्हणून सांगते, वाटपाचे फोटो नकोत. चेहरा झाकूनही नकोत. उद्या वर्गातल्या कुणी तो फोटो बघितला, तर दप्तरावरूनसुद्धा मूल ओळखू येतं. १९८९ च्या बालहक्क करारात मुलांच्या खासगीपणाचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, आणि देणगी घेतली म्हणून तो संपत नाही. देणाऱ्यांना हिशोब हवा असेल तर पावत्या मागा. तो तुमचा हक्कच आहे.

आता पैशांबद्दल. वस्तूंपेक्षा पैसे द्यायला लोक कचरतात, ते कुठे जातील ही धास्ती असते. पण मुलांना सगळ्यात जास्त गरज असते ती न बदलणाऱ्या माणसांची. रुमानियात २००० साली सुरू झालेल्या एका अभ्यासात संस्थांमधली १३६ लहान मुलं होती. त्यातली निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पालक-कुटुंबांत, म्हणजे मूल सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत, ठेवली. जी वयाच्या साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली, त्यांची माणसांशी जवळीक आणि बौद्धिक वाढ अधिक चांगली झाली. सांभाळणारी ताई कमी पगारामुळे दर काही महिन्यांनी सोडून जात असेल, तर तिच्या पगारात घातलेला पैसा कुठल्याही खेळण्यापेक्षा मुलांच्या जास्त उपयोगी पडतो.

आणि यातली सगळी मुलं अनाथ नसतात. जगभर संस्थांमध्ये राहणाऱ्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. केवळ गरिबीपायी मुलाला घरापासून तोडू नये, असं ती तत्त्वं सांगतात. म्हणून संस्थेला हेही विचारू, की कुणाचं घरी परतणं फक्त शाळेच्या खर्चामुळे किंवा घरभाड्यामुळे अडलंय का? तसं असेल तर जमलेल्या रकमेतला पहिला हिस्सा तिकडे जावा. मग खोकी थोडी कमी भरली तरी चालतील.

संस्थेशी मी बोलले आहे. यादी आली की ग्रुपवर टाकते. त्यात मुलांची नावं नसतील, फक्त क्रमांक, वय, मापं आणि मुलांनी स्वतः सांगितलेली एकेक गोष्ट. प्रत्येकाने एक क्रमांक घ्या, आणि कृपया मोठ्या वयाचे आधी उचला, ते नेहमी शिल्लक राहतात. खरेदी दोन-तीन जण मिळून केली तरी हरकत नाही. वस्तू संस्थेच्या कार्यालयात पोचवायच्या, मुलांना रांगेत उभं करून कार्यक्रम होणार नाही. जुनं सामान देणाऱ्यांनी ते दुसरीकडे द्यावं, इकडे आणू नये.