लक्ष्मणफळ आणि 'कीमोपेक्षा 10,000 पट' हा आकडा

"पुढची कीमो थांबवून हे घेऊन बघू का गं?" मावशीने फोन पुढे केला. सगळीकडे फिरणारा तोच मेसेज: लक्ष्मणफळ कीमोपेक्षा 10,000 पट प्रभावी, प्राचीन आयुर्वेदिक औषध, दुष्परिणाम शून्य. ओट्यावर काढ्यासाठी मागवलेल्या सुक्या पानांचं पाकीटही होतं.

आकडा हवेतला नाही, म्हणूनच तो जास्त फसवतो. 1996 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी या फळाच्या बियांतून काही रसायनं वेगळी केली. त्यांतलं एक रसायन प्रयोगशाळेत वाढवलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशींवर अ‍ॅड्रियामायसिन या कीमोतल्या औषधाच्या 10,000 पट तीव्र ठरलं. म्हणजे बियांतलं शुद्ध केलेलं रसायन आणि बशीतल्या पेशी. आपण खातो तो आंबटगोड पांढरा गर. काळ्या बिया थुंकून टाकतो. सीताफळ याच कुळातलं. त्याच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावतात आणि ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. उवा मरतात म्हणून ती पूड कुणी पोटात घेतं का? कीमोऐवजी लक्ष्मणफळ दिल्याने कर्करोग बरा होतो, हे माणसांवरच्या कुठल्याही चाचणीत सिद्ध झालेलं नाही.

प्राचीन आयुर्वेदाचं म्हणाल तर हे झाड मूळचं उष्ण अमेरिकेतलं, कोलंबसानंतर जगभर पसरलेलं. चरक-सुश्रुतांच्या संहितांत ते असणार कुठून? ग्रंथांतली 'लक्ष्मणा' ही निराळी वनस्पती. ज्या शास्त्राचा आपण मान ठेवतो, त्याच्या नावावर काहीही खपवलेलं मला सहन होत नाही.

आणि दुष्परिणाम शून्य? कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या, पार्किन्सनसारख्या आजाराचे रुग्ण फार आढळले. या कुळातली फळं आणि पानांचा काढा नेहमी घेण्याशी त्याचा संबंध दिसतो, असं 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. या फळांतलं अ‍ॅनोनासिन पेशींची ऊर्जानिर्मिती रोखतं; उंदरांना ते सतत दिल्यावर मेंदूतल्या पेशी मेल्या. तो संबंध अजून पक्का सिद्ध झालेला नाही, पण रोज काढा पिणाऱ्याला 'शून्य' सांगणं खोटंच. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आणखी जपायला हवं.

पिकलेल्या फळाची एखादी फोड कधीतरी खाल्ली तर घाबरायचं कारण नाही. पाकीट मात्र मी मावशीच्या पिशवीत टाकलंय, डॉक्टरांना दाखवायला. गुरुवारी कीमो आहे, मी सोबत जातेय.