किक पोकळ, स्नेअर डबा: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याची आहे. म्हणून खाली दोन ओळीत न आटपता सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ड्रम सॉफ्टवेअरवरच्या लेखाप्रमाणे सगळं करूनही यांच्याकडे पॅडवर काठी पडल्यावर आवाज मागून येतो, मल्टी-आउट केल्यापासून, म्हणजे प्रत्येक ड्रमचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर काढल्यापासून, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पोकळ झाली, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो आणि हलगी-घुमक्याच्या गाण्याखाली ड्रम बसतच नाहीत. तेव्हा 'लोकांना खरा ड्रमसेट रेकॉर्ड करायला सांगा' असा त्यांचा सल्ला आहे.

हा सल्ला मला पटत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, फरशी आणि कोऱ्या भिंतींमध्ये, खऱ्या सिंबलचा आवाज प्रत्येक माइकमध्ये घुसतो आणि नंतर तो काढता येत नाही. शेजाऱ्यांचा प्रश्न वेगळाच. चांगली खोली, आठ माइक आणि तेवढ्या इनपुटचा इंटरफेस असेल तर खुशाल करा. नसेल तर सॉफ्टवेअरच बरं. तुम्ही सांगितलेले पहिले तिन्ही दोष लायब्ररीचे (सॉफ्टवेअरमधल्या रेकॉर्ड केलेल्या ड्रमच्या आवाजांच्या संचाचे) नाहीत, तिच्या आधीच्या आणि नंतरच्या साखळीतले आहेत.

उशीर. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा, १२८ ठेवलात ते बरोबर केलंत. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद. ड्रायव्हर आणि पॅडच्या मॉड्यूलची (पॅड ज्याला जोडलेले असतात त्या पेटीची) भर धरूनही एवढ्याने हात अडखळत नाही. म्हणजे उशीर दुसरीकडे आहे. ब्लूटूथ हेडफोन असेल तर तो आधी काढा, त्यात सहज १०० मिलिसेकंदांहून जास्त जातात. मग सेटिंगमध्ये इंटरफेसचा स्वतःचा असिओ (कमी उशिराचा ऑडिओ) ड्रायव्हर निवडलाय का ते बघा. विंडोजचा साधा ड्रायव्हर निवडलेला असला तर असिओच्या पॅनेलमधला १२८ हा आकडा तिथे लागूच होत नाही. तिसरी जागा बहुतेक जण बघत नाहीत: मास्टर ट्रॅक. तिथे लुकअहेड लिमिटर (आवाज आधी बघून मर्यादेत ठेवणारा) किंवा लिनिअर फेज ईक्यू (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारा एक प्रकार) असेल, तर त्याला लागणारा वेळ तुमच्या थेट वाजवण्यालाही सोसावा लागतो. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये एफएक्सच्या खिडकीत तळाशी हा आकडा सॅम्पलमध्ये दिसतो. तिथे २०४८ दिसलं तर ४३ मिलिसेकंद तिथेच गेले. रेकॉर्ड करताना मास्टर मोकळा ठेवा. आणि मॉड्यूलचा स्वतःचा आवाजही हेडफोनमध्ये येत असेल तर तो बंद करा. एका ठोक्याचे दोन ठोके ऐकू आले की कान त्यालाच उशीर समजतो.

आता किक. इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

ड्रम लायब्ररीत किकचा आवाज फक्त किकच्या माइकमध्ये नसतो, तो ओव्हरहेडमध्ये (सेटच्या वर लावलेल्या माइकमध्ये) आणि खोलीचा आवाज घेणाऱ्या रूम माइकमध्येही असतो. ओव्हरहेड किकच्या माइकपेक्षा दीड मीटर लांब असेल, तर आवाज तिथे साधारण ४.४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ११४ हर्ट्झच्या आसपास हा उशीर बरोबर अर्ध्या लाटेएवढा होतो आणि दोन्ही माइक एकमेकांना खातात. लायब्ररी बनवणाऱ्यांनी हे ऐकून, माइक हलवून जमवलेलं असतं. म्हणून तयार स्टिरिओ आउटमध्ये किक भरलेली वाटते. मल्टी-आउट केल्यावर आपण ते जमवलेलं मोडतो. कसं? किकच्या ट्रॅकवर ४० हर्ट्झला तीव्र उताराचा हाय-पास (खालचा पट्टा कापणारा फिल्टर) लावला, तर तो खालच्या पट्ट्यातला फेज (लाटेची वेळेतली जागा) फिरवतो. वर किकचा वेगळा सॅम्पल (रेकॉर्ड केलेला ठोका) चढवला आणि त्याची पहिली लाट उलट्या दिशेने निघाली, तरी तेच. 'फेज जुळवू' म्हणून ओव्हरहेडचा ट्रॅक पुढे सरकवला तर किकबरोबर स्नेअरचंही नातं बिघडतं.

तपासायचं असं: किकवरचे सगळे प्लगइन बायपास करा, चढवलेला सॅम्पल म्यूट करा, ओव्हरहेड आणि रूम बंद करा. किक भरली का? मग ओव्हरहेड चालू करा. पोकळ झाली तर किकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटून बघा आणि ज्यात तळ जास्त भरतो ते ठेवा. त्यानंतर एकेक प्लगइन परत आणा. ज्याने तळ गेला तो गुन्हेगार. हाय-पास हवाच असेल तर उतार १२ डीबी प्रति ऑक्टेव्हचा ठेवा. ओव्हरहेडला मात्र १५० हर्ट्झपर्यंत कापायला हरकत नाही, तिथला तळ किकच्या माइकने सांभाळायचा. आणि मल्टी-आउट करताना पहिल्या स्टिरिओ जोडीतून किक अजून जात नाही ना, ते पाहा. तशी जात असेल तर किक दोन वाटांनी येते आणि एका वाटेवर केलेला ईक्यू दुसरीशी भांडतो.

हे झाल्याशिवाय ईक्यूला हात लावू नका. झाल्यावर ५० ते ६० हर्ट्झला थोडी वाढ, ३०० ते ४००च्या आसपास ३ ते ४ डीबीची काट आणि बीटरच्या टोकासाठी ४ किलोहर्ट्झला २ डीबी. बहुतेक किकला एवढं पुरतं.

स्नेअरचं कारण बहुधा वेलॉसिटी, म्हणजे ठोक्याच्या जोराचा आकडा, जो १२७पर्यंत जातो. तुमच्या पॅडवर मध्यम ठोकाही १२७ देत असणार. मग सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी सगळ्यात जोरकस थरातलेच मोजके सॅम्पल आळीपाळीने वाजवतं आणि रोल मशीनगनसारखा होतो. मॉड्यूलमधली सेन्सिटिव्हिटी कमी करा, इतकी की आरामात मारलेला ठोका ८० ते ९०वर यावा. माउसने लिहीत असाल तर मुख्य ठोके ९५ ते ११५मध्ये फिरते ठेवा, हलके ठोके २५ ते ४५मध्ये. पॅड एका ठोक्याला दोन नोट पाठवत असेल तर रीट्रिगरचा वेळ वाढवा, मग १० मिलिसेकंदांच्या अंतरावरचा तो दुसरा भुताचा ठोका जातो.

हलगीबद्दल तुमचं म्हणणं मात्र पूर्ण खरं आहे, आणि त्यावर कुणी फारसं लिहीत नाही. हलगीचा चटका आणि स्नेअरचा कडकपणा एकाच पट्ट्यात, साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये, येतात. तिथे हलगीच मालकीण. हलगी चालू असताना स्नेअरला ३ किलोहर्ट्झला ३ डीबी खाली घ्या आणि त्याचं वजन २०० हर्ट्झवर ठेवा. घुमकं आणि किक एकत्र येतात तिथे दोघांपैकी एकालाच तळ द्या. मी घुमक्याला देईन आणि किकला फक्त टोक ठेवीन, कारण गाणं कोल्हापूरचं वाटतं ते घुमक्यामुळे.

बसत नाही याचं दुसरं कारण खोली. लायब्ररीतले ड्रम मोठ्या स्टुडिओत वाजलेले असतात, हलगी तुमच्या खोलीत. रूम माइक ६ ते ८ डीबी खाली ओढा, मग हलगी आणि ड्रम दोन्ही एकाच छोट्या रिव्हर्बला थोडे थोडे पाठवा.

तिसरं कारण लय. हलगी चढत जाते, ती चढायलाच हवी. तिला क्लिकवर बांधू नका. आधी हलगी मोकळी रेकॉर्ड करा, प्रत्येक आवर्तनाच्या समेवर टेम्पो मार्कर टाका आणि मिडीचे (नोटांवरून सॉफ्टवेअर वाजवतं ते) ड्रम त्या मार्करच्या मागे चालवा. ठेका सहाच्या चालीचा असेल तर लायब्ररीतले ६/८चे ग्रूव्ह घ्या, ४/४चे ओढूनताणून बसवू नका. आणि हलगी शेकल्यावर लगेच टेक घ्या. थंड झाली की सूर उतरतो, पावसाळ्यात तर फारच लवकर, मग सकाळचा टेक दुपारच्या टेकला जोडता येत नाही.

एवढं करूनही किक पोकळच राहिली तर आठ बारचा तुकडा पाठवा. किक, ओव्हरहेड आणि हलगी वेगवेगळ्या वेव्ह फाइलमध्ये, २४ बिट, मास्टरवर काहीही न लावता, आणि तिन्ही फाइल गाण्याच्या शून्यापासून सुरू होणाऱ्या.