'मोठाच चेनसॉ घ्या' हा सल्ला तपासताना

घरापुरते काम असणाऱ्यांना एक सल्ला हल्ली सर्रास दिला जातो: पहिला चेनसॉ (फिरत्या दातेरी चेनने लाकूड कापणारे यंत्र) घ्यायचाच तर पेट्रोलवरचा, ५८ सीसीचा, २२ इंची बारचा (चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीचा) घ्यावा; मोठे यंत्र लहान काम करतेच, बॅटरीवरची यंत्रे म्हणजे खेळणी, आणि चेन झटकन थांबवणारा चेन ब्रेक असल्यावर भीती कसली! वर्षातून दोन-चारदा वाळक्या फांद्या छाटणाऱ्या माणसासाठी यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे.

'मोठे यंत्र लहान काम करतेच' हे कुऱ्हाडीबाबतही खरे नाही. मनगटाएवढी फांदी २२ इंची बारने कापताना बारचा बराचसा भाग फांदीच्या पलीकडे जातो आणि त्याचे टोक पानांआड नेमके कुठे आहे हे दिसत नाही. त्या टोकाच्या वरच्या अर्ध्या भागाला दुसरी फांदी लागली, की तिथून खाली वळणारी चेन लाकूड कापण्याऐवजी अडखळते आणि तिचा सगळा जोर बारला वर व मागे, म्हणजे कापणाऱ्याच्या तोंडाकडे, उसळवतो. यालाच किकबॅक म्हणतात. तो लहान बारलाही चुकलेला नाही, पण लहान बारचे टोक नजरेसमोर ठेवणे सोपे असते. घरगुती कामाला १२ ते १४ इंची बार सहसा पुरतो. १४ इंच म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर, आणि तेवढ्यात ३० सेंटिमीटर जाडीचा ओंडका एका बाजूनेच कापून होतो. बार आणि इंधन धरून सात किलोच्या आसपास जाणारे यंत्र दुकानात हलके वाटते, विसाव्या कापाला वाटत नाही.

बॅटरीवरच्या यंत्रांना खेळणी म्हणणाऱ्यांनी आपली चेन शेवटची कधी कानसली, हे मला विचारावेसे वाटते. माझ्या पहिल्या चेनसॉमधून एकदा पिठासारखा भुसा पडू लागला, कापातून धूर निघू लागला आणि मी यंत्राला कमजोर ठरवून सगळा भार टाकून ते दाबत राहिलो. प्रत्यक्षात चेन क्षणभर मातीला लागून बोथट झाली होती. प्रत्येक दातावर गोल कानशीचे तीन-चार हात फिरवल्यावर त्याच यंत्रातून जाड ढलप्या पडू लागल्या आणि जोर लावायची गरजच उरली नाही. दोष ताकदीचा नव्हे, धारेचा होता.

दिवसभर, विजेपासून दूर झाडे तोडायची असतील तर पेट्रोलला तोड नाही, हे मान्य. पण टू-स्ट्रोक इंजिनाला तेल मिसळलेले पेट्रोल लागते (५०:१ चे प्रमाण सांगितले असेल तर लिटरला २० मिलिलिटर), आणि ते टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिले की कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो, म्हणून वर्षातून दोनदा निघणारे यंत्र नेमके हवे तेव्हा सुरू होत नाही. बॅटरीवरच्या यंत्राला हा जाच नाही. बार आणि चेनसाठीचे तेल मात्र त्यालाही भरावेच लागते, आणि ते पुष्कळ जण विसरतात.

ब्रेकचा मुद्दा सर्वांत घातक आहे. चेन ब्रेक किकबॅक रोखत नाही. तो झाल्यावर चेन थांबवतो, आणि तेही ब्रेक नीट चालू असेल तर. पेट्रोलच्या यंत्रात पूर्ण वेगातली चेन सेकंदाला सुमारे २० मीटर धावते. म्हणून डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून पूर्ण वळलेला हवा आणि काम सुरू करण्यापूर्वी ब्रेक तपासलेला हवा. जाळी असलेले हेल्मेट, कानांचे संरक्षण, कापरोधक विजार आणि घट्ट बूट यांचे पैसे आधी बाजूला काढावेत, त्यात कानस आणि एक जादा चेन धरावी, आणि उरलेल्या रकमेत बसेल तो चेनसॉ निवडावा; या हिशेबात ५८ सीसीचे यंत्र बहुधा आपोआपच मागे पडते.