एका तासात बिबट्या!

वन्यजीव सप्ताह आला रे आला की जळगावात चित्रस्पर्धावाल्यांचं सुरू: "एका तासात सातपुड्यातला प्राणी रंगवा, माध्यम ग्वाश (म्हणजे अपारदर्शक जलरंग)." बरं, तास तरी पूर्ण द्या! दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, तिघांची मनोगतं, आणि घड्याळ मात्र कधीच सुरू झालेलं.

वर आमच्याकडची ऑक्टोबर हीट. पाणी घालेपर्यंत पॅलेटमधल्या पिवळ्याचा पापड! ग्वाश वाळला की फिकट छटा गडद होते, गडद फिकटते. मग जुळवा आता पाठीचा पिवळा मानेच्या पिवळ्याशी! घाईघाईत वर ओला ब्रश फिरवला की खालचा थर उचलून येतो, बिबट्याच्या पाठीवर नुसता गाळ. वाळायची वाट पाहायची? कधीपर्यंत, पुढच्या ऑक्टोबरपर्यंत?

आणि त्याचे ठिपके म्हणजे काय काळ्या टिकल्या आहेत? तुटकी कडी असतात ती, आत जरा गडद पिवळा. अशी शेकडो काढायची, तेवढ्यात मागून कुणीतरी डोकावणारच, "काय भो, मिशा राहिल्या ना!"

परीक्षक तर थोरच. "वाघ काढायचा ना, उठून दिसतो." आणि पहिलं बक्षीस कुणाला? घरून आउटलाइन छापून आणणाऱ्याला!